विद्युत मासे जोडीदार कसा ओळखतात, आणि ते आपल्याला कसं ऐकता येतं

प्रश्न असा आहे: टाकीत दोन ब्लॅक घोस्ट नाइफफिश, म्हणजे अंगातून अखंड मंद वीज सोडणारे मासे, आहेत. पाण्यात दोन तारा सोडून त्या ॲम्प्लिफायरला जोडल्या तर दोन वेगळे सूर ऐकू येतात, एक साधारण 980 हर्ट्झचा आणि दुसरा 1,090 हर्ट्झचा. वरच्या सुराचा मासा नर समजायचा का? हे मासे एकमेकांना नेमकं काय सांगतात? आणि त्यांची जोडी जमावी म्हणून काय करावं?

पहिल्या भागाचं उत्तर आधी देतो. नाही, असलंच तर उलट असेल. ‘नराचा सूर वरचा’ हा नियम ॲप्टेरोनोटस लेप्टोऱ्हिंकस या ब्राउन घोस्टचा आहे. त्यात माद्या साधारण 600 ते 800 हर्ट्झवर आणि नर 800 ते 1,000 हर्ट्झवर असतात. ब्लॅक घोस्ट म्हणजे ॲप्टेरोनोटस अल्बिफ्रॉन्स. वंश तोच, पण इथे नराचा सूर खालचा आणि मादीचा वरचा असतो. शिवाय दोघांच्या पट्ट्यांची सरमिसळही होते, म्हणून केवळ दोन आकड्यांवरून खात्री देता येत नाही. वयाचाही प्रश्न आहे. आठ-दहा सेंटिमीटरचे मासे अजून पिल्लंच असतात, त्यांच्या सुरावरून लिंग ठरवायला जाऊ नये.

आकड्यांची तुलना करण्याआधी तापमान पाहा. या माशांचा सूर पाण्याच्या तापमानाबरोबर चढतो आणि उतरतो. दर 10 अंशांना तो साधारण दीड ते 1.6 पट होतो, म्हणजे एका अंशाला 4 ते 5 टक्के. 24 अंशांवरचा 980 हर्ट्झचा मासा 27 अंशांवर सहज 1,100 च्या पुढे जाईल. म्हणून प्रत्येक नोंदीशेजारी तापमान लिहा आणि सगळे आकडे 25 अंशांवर आणून मग ताडून बघा. एकाच टाकीतल्या दोन माशांची आपसात तुलना चालते, कारण पाणी एकच आहे. पुस्तकातल्या आकड्याशी थेट तुलना मात्र चालत नाही.

आता हा सूर येतो कुठून ते पाहू. शेपटीकडच्या भागात विद्युतपेशींच्या रांगा असतात. बहुतेक जातींत या पेशी स्नायूपेशींपासून घडलेल्या असतात. आकुंचन पावण्याचं काम त्यांनी सोडून दिलेलं असतं आणि विजेचं काम तेवढं ठेवलेलं असतं. घोस्ट नाइफफिशच्या कुळात प्रौढ माशाचा अवयव स्नायूंचा नसून मज्जारज्जूतून येणाऱ्या चेतातंतूंचाच बनलेला असतो, आणि म्हणूनच इतका उंच सूर त्यांना झेपतो. सगळ्या पेशी मेंदूतल्या एका गतिनियंत्रकाच्या हुकमावर एकाच क्षणी पेटतात, त्यांचे छोटे व्होल्टेज एकावर एक रचले जातात आणि माशाभोवती विद्युतक्षेत्र उभं राहतं. तो गतिनियंत्रक इतका नेमका चालतो की सजीवांत त्याच्या तोडीचं घड्याळ क्वचितच सापडेल.

हंस लिसमन यांनी 1951 मध्ये आफ्रिकेतल्या जिम्नार्कस या माशाच्या शेपटीतून अखंड निघणारे विद्युत संकेत नोंदवले, तेव्हापासून या दुबळ्या विजेच्या माशांचा अभ्यास खरा सुरू झाला. दक्षिण अमेरिकेतले नाइफफिश आणि आफ्रिकेतले मॉर्मिरिड म्हणजे हत्तीसोंडे मासे (आणि त्यांचा नातलग जिम्नार्कस), या दोन गटांत ही शक्ती एकमेकांपासून पूर्णपणे स्वतंत्रपणे आली. तरी दोन्हीकडे तीच दोन तंत्रं दिसतात. काही जाती अखंड सूर लावतात, त्यांना तरंगी म्हणू. काही सुटे स्पंद सोडतात आणि दोन स्पंदांमध्ये बरीच मोकळी जागा ठेवतात, त्यांना स्पंदी म्हणू. तुमच्याकडचे मासे तरंगी आहेत. जिम्नार्कसही तरंगी. हत्तीसोंडे, आणि दक्षिण अमेरिकेतल्यांपैकी जिम्नोटस आणि ब्रॅकिहायपोपोमस, हे स्पंदी.

या विषयातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट अशी की बोलण्यासाठी वेगळा अवयव नाही आणि चाचपण्यासाठी वेगळा नाही. अंधारात दगड, अळी, काठ ओळखायला जो डिस्चार्ज, म्हणजे माशाने सोडलेला विजेचा संकेत, लागतो, त्याच डिस्चार्जवर जात, लिंग, आकार आणि मनःस्थिती कोरलेली असते. मासा गप्प बसूच शकत नाही. बसला तर आंधळा होतो. त्यामुळे सूर असणं हा निरोप नसतो, सुरात केलेला बदल हा निरोप असतो. हे ध्यानात धरलं की पुढचं सगळं उलगडत जातं.

हे बोलणं फार लांब जात नाही. माशाचं क्षेत्र दोन ध्रुवांचं असतं, आणि अशा क्षेत्राची तीव्रता अंतराच्या घनाने घटते. अंतर दुप्पट केलं की तीव्रता एक अष्टमांश. म्हणून एकमेकांची चाहूल लागण्याची मर्यादा साधारण एक-दीड मीटर इतकीच. दूरवर साद घालून जोडीदार बोलावणं या माशांना जमत नाही. फिरावं लागतं, किंवा जिथे माद्या येणार तिथे ठाण मांडून बसावं लागतं. पण या तोकडेपणाबरोबर एक मोठा फायदाही मिळतो. आवाज पाण्यात उसळतो, घुमतो, मागेपुढे होतो. विद्युतक्षेत्र तसं करत नाही. निघालेल्या स्पंदाचा आकार जसाच्या तसा पोचतो, मायक्रोसेकंदाच्या बारकाव्यासकट. म्हणूनच हे मासे स्पंदाच्या आकारातच स्वतःची ओळख लिहू शकतात.

तरंगी माशांचं उत्तम उदाहरण स्टर्नोपायगस मॅक्रुरस. कार्ल हॉपकिन्स यांनी गयानामध्ये केलेल्या निरीक्षणात, जे 1972 मध्ये प्रसिद्ध झालं, विणीच्या काळातले नर 50 ते 90 हर्ट्झवर आणि माद्या 100 ते 150 हर्ट्झवर आढळल्या. मादी जवळून गेली की नर सूर वर चढवतो आणि मध्येच तोडतो. पाण्यात मादीच्या वारंवारतेची नुसती कृत्रिम लहर सोडली तरी नर तसाच प्रतिसाद देत होते. नराच्या किंवा दुसऱ्या जातीच्या वारंवारतेला देत नव्हते. या जातीत पुरुषी संप्रेरकं दिली की सूर खाली उतरतो. म्हणजे लिंगाची ही निशाणी कायमची छापलेली नसून संप्रेरकांनी घडवलेली आणि म्हणून ऋतूप्रमाणे बदलणारी असते.

दोन तरंगी मासे जवळ आले की काय होतं ते तानपुऱ्याच्या उदाहरणाने चटकन कळेल. जोडीच्या तारा किंचित बेसूर असल्या की आवाजात एक संथ हेलकावा येतो. यालाच विस्पंद म्हणतात. तुमच्या दोन माशांत 110 हर्ट्झचा फरक आहे, म्हणजे प्रत्येक माशाच्या कातडीवर सेकंदाला 110 हेलकावे. मासा दुसऱ्याचा सूर सुटा ऐकत नाही, तो हा हेलकावा वाचतो. ज्या जातींत नर-माद्यांच्या पट्ट्या वेगळ्या आहेत, तिथे संथ हेलकावा बहुधा आपल्याच लिंगाचा आणि जलद हेलकावा विरुद्ध लिंगाचा.

अगदी संथ हेलकावा, सेकंदाला चार-पाच, मात्र चाचपणी बिघडवतो. यावर आयगनमानिया हा ग्लास नाइफफिश एक सुंदर उपाय करतो. ज्याचा सूर वरचा तो आणखी वर सरकतो, ज्याचा खालचा तो आणखी खाली. वातानाबे आणि ताकेदा यांनी 1963 मध्ये हे दाखवलं. नवखा निरीक्षक या सरकण्याला प्रेमाराधन समजून बसतो. ती नुसती एकमेकांना दिलेली वाट असते.

खरा निरोप असतो चर्प, म्हणजे सुराने मारलेली क्षणिक उडी. ब्राउन घोस्टच्या छोट्या चर्पमध्ये सूर 10 ते 20 मिलिसेकंदांसाठी साधारण 100 हर्ट्झने वर जाऊन परत येतो. सेकंदाला पाच हेलकावे चालू असताना असा चर्प आला की हेलकाव्याची संथ लाट मध्येच दचकते आणि पुढच्या टप्प्यावर जाऊन पडते. समोरच्या माशाला तो दचका जाणवतो. मोठा चर्प 300 हर्ट्झ किंवा त्याहून जास्त चढतो आणि त्या वेळी सुराचा जोरही कमी होतो. छोटे चर्प जवळच्या सुराच्या माशांसमोर जास्त दिसतात, मोठे चर्प दूरच्या सुराच्या, म्हणजे विरुद्ध लिंगाच्या माशासमोर. तरी प्रत्येक चर्पला शब्दासारखा अर्थ चिकटवू नये. काही चर्प समोरच्याला नीट चाचपण्यासाठीही असावेत, असा विचार अलीकडच्या संशोधनात पुढे आला आहे. शिवाय ब्लॅक घोस्टमध्ये नर-मादीच्या चर्पमध्ये ब्राउन घोस्टइतका फरक नसतो, म्हणून तुमच्या टाकीत चर्प मोजून लिंग ठरणार नाही.

आयगनमानियात नर उलट करतो. तो सूर क्षणभर तोडतो, पुन्हा लावतो, पुन्हा तोडतो. मीलनाच्या रात्री हे तासन् तास चालतं आणि अंडी पहाटेच्या सुमारास पडतात. हॅगेडॉर्न आणि हायलिगेनबर्ग यांनी 1985 मध्ये दाखवलं की अंडी तयार असलेल्या मादीला नराच्या या तुटक सुराचं नुसतं ध्वनिमुद्रण, खरं तर ‘विद्युतमुद्रण’, ऐकवलं तरी ती अंडी घालते. नर टाकीत असण्याचीही गरज पडली नाही.

स्पंदी माशांची रीत निराळी, आणि इथे हत्तीसोंड्यांकडे जरा जवळून बघू. त्यांच्या कातडीत तीन तऱ्हेचे विद्युतग्राही असतात. अँप्युलरी ग्राही भक्ष्याच्या संथ विजेसाठी, मॉर्मिरोमास्ट चाचपणीसाठी, आणि क्नोलेनऑर्गन खास दुसऱ्या माशाचा स्पंद ऐकण्यासाठी. मासा स्वतः स्पंद सोडतो तेव्हा क्नोलेनऑर्गन पेटतातच. पण स्पंदाचा हुकूम देणारा मेंदू त्याच वेळी या ग्राहींच्या पहिल्या थांब्यावर एक अडसर पाठवतो, आणि स्वतःचा स्पंद तिथेच पुसला जातो. वर पोचतो तो फक्त परक्याचा. परक्याचा स्पंद अंगावरून जाताना एका कुशीवरचे ग्राही त्याच्या चढत्या कडेला प्रतिसाद देतात आणि दुसऱ्या कुशीवरचे उतरत्या कडेला. या दोन क्षणांमधलं अंतर म्हणजे स्पंदाची लांबी. मेंदू तेवढं अंतर मोजतो आणि समोरचा आपल्या जातीचा आहे की नाही, नर की मादी, हे ठरवतो. हॉपकिन्स आणि बास यांनी 1981 मध्ये मादीचा स्पंद वाजवून नरांना ऐकवला तेव्हा नरांनी ‘रॅस्प’ म्हणजे स्पंदांची दाट सर सोडली. तोच स्पंद उलटा वाजवला तर नर बधले नाहीत.

विणीच्या काळात अनेक हत्तीसोंड्या जातींत नराचा स्पंद लांबतो, ब्रायेनोमायरससारख्यांत दोन-तीन पट. स्पंदाचा आकार ओळख सांगतो आणि स्पंदांमधली अंतरं मनःस्थिती. वेग वाढवणं, एकदम थांबणं, समोरच्याच्या स्पंदानंतर सुमारे 12 मिलिसेकंदांनी आपला स्पंद टाकणं, हे सगळं चालू संभाषण. पॉलिमायरस नर तर यावर आवाजाचीही जोड देतो. घरट्याजवळ घुरघुरतो, कण्हल्यासारखा आवाज काढतो, आणि अंडी-पिल्लं तोच सांभाळतो.

लांब किंवा जोरदार स्पंद फुकट मिळत नाही. ब्रॅकिहायपोपोमसचे नर संध्याकाळ झाली की स्पंद मोठा आणि लांब करतात, सकाळी आखडता घेतात. या कामावर नर रोजच्या ऊर्जेचा 11 ते 22 टक्के भाग घालवतात, माद्या सुमारे 3 टक्के. दुसरी किंमत शिकाऱ्याची. लांबलेल्या स्पंदात मंद वारंवारतेची वीज जास्त असते आणि नेमकी तीच अँप्युलरी ग्राही असलेल्या शिकाऱ्यांना जाणवते. क्लॅरियस हा आफ्रिकी मांगूर मार्कुसेनियस या हत्तीसोंड्याच्या नराचा लांब स्पंद ओळखतो, मादीचा छोटा स्पंद त्याला जाणवत नाही. म्हणजे भरघोस स्पंदाचा नर खरोखरच सुदृढ असावा लागतो. मादीने त्यावर विश्वास ठेवण्याला कारण आहे.

आता ऐकण्याची मांडणी. नुसत्या दोन तारा ॲम्प्लिफायरला जोडल्या तर कामापुरतं ऐकू येतं, पण नोंदीसाठी तीन इलेक्ट्रोड घ्या. दोन कार्बनच्या कांड्या टाकीच्या दोन टोकांना आणि तिसरी जमिनीच्या जोडणीसाठी मध्ये कडेला. पहिल्या दोन एडी620 किंवा आयएनए128 सारख्या इन्स्ट्रुमेंटेशन ॲम्प्लिफायरला द्या, त्याला 9 व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांवर चालवा आणि वाढ 100 पटीपासून सुरू करा. तांब्याच्या उघड्या तारा पाण्यात ठेवू नका, तांबं माशांना विषारी आहे.

सर्वात जास्त फसवते ती घरातली वीज. 50 हर्ट्झची (काही देशांत 60) गुणगुण आणि तिच्या पटी 950, 1,000, 1,050 अशा बरोब्बर घोस्टच्या पट्टीत येऊन बसतात. कसोटी सोपी आहे. हीटर आणि पंप दोन मिनिटं बंद करा. स्पेक्ट्रोग्राममधली, म्हणजे वेळेनुसार वारंवारता दाखवणाऱ्या चित्रातली, रेघ गेली तर ती माशाची नव्हती. तापमान अंशभर बदलल्यावरही जी रेघ जागची हलत नाही, तीही माशाची नव्हे. हात पाण्यात घालण्याआधी मेनवर चालणारं प्रत्येक उपकरण बंद करा. टाकीच्या वीजजोडणीला गळती ओळखून तुटणारा ब्रेकर हवाच.

दुसरी फसगत दिशेची. मासा इलेक्ट्रोडच्या रेषेला काटकोनात उभा राहिला की संकेत जवळजवळ नाहीसा होतो. मासा गप्प झालेला नसतो. पहिल्या जोडीला काटकोनात दुसरी जोडी लावली की हा प्रश्न मिटतो.

तिसरी स्पेक्ट्रोग्रामच्या खिडकीची, म्हणजे एका वेळी मोजायला घेतलेल्या नोंदीच्या तुकड्याची. सेकंदाला 48,000 नमुन्यांच्या वेगाने नोंद केली आणि 4,096 नमुन्यांची खिडकी ठेवली तर ती 85 मिलिसेकंदांची होते, आणि 15 मिलिसेकंदांचा चर्प तिच्यात विरघळून जातो. चर्पसाठी 1,024 ची खिडकी घ्या. पायाभूत सुराऐवजी चौथी-पाचवी पट बघा, तिथे 100 हर्ट्झची उडी 400-500 ची होऊन डोळ्यांत भरते. दोन मासे वेगळे काढायचे असतील तर उलट लांब खिडकी लागते. 32,768 नमुन्यांत दीड हर्ट्झपर्यंतचा फरक दिसतो. एकाच नोंदीचे असे दोन स्पेक्ट्रोग्राम काढायची सवय लावून घ्या.

हत्तीसोंड्यांसाठी संगणकाचं साउंड कार्ड पुरत नाही. पाव मिलिसेकंदाच्या स्पंदाचे 48,000 च्या वेगाने जेमतेम 12 नमुने मिळतात. शिवाय साउंड कार्ड संथ भाग गाळून टाकतं, त्यामुळे स्पंदाचा आकारच खोटा दिसतो. तिथे 100 किलोहर्ट्झहून अधिक वेगाचं आणि थेट प्रवाह घेणारं उपकरण हवं. पकडून टाकीत ठेवलेल्या हत्तीसोंड्या नराचा लांब स्पंद काही दिवसांत आखडू शकतो, म्हणून फक्त स्पंदावर न जाता गुदपराच्या मुळाशी असलेली खाच पाहा. प्रौढ नरात ती दिसते.

जोडी जमवण्याबद्दल. दोन घोस्ट लहान टाकीत भांडतात आणि कमजोर मासा जखमी होतो. त्यांना वेगळं ठेवताना काचेचा पडदा लावला तर विद्युत संभाषणही तुटतं. प्लास्टिकची जाळी लावा. दात पोचत नाहीत, क्षेत्र पोचतं. लपायच्या नळ्यांचंही तसंच. सलग पीव्हीसी नळी माशाचा संकेत दाबून टाकते, भोकं पाडलेली किंवा जाळीची नळी बरी.

पैदाशीची खरी किल्ली पावसाळ्यात आहे. फ्रँक किर्शबाउम यांच्या 1970 च्या दशकातल्या कामातून स्पष्ट झालं की पाण्याची विद्युतवाहकता हळूहळू उतरवणं, पातळी वाढवणं आणि वरून पावसासारखं पाणी शिंपडणं यांनी या माशांची जननग्रंथी पक्व होते. वाहकता पुन्हा वाढवली की ती आक्रसते. टाकीत हे असं करता येईल. सुरुवात निम्म्या पातळीवर, वाहकता 500 मायक्रोसीमेन्सच्या आसपास. मग आरओचं पाणी शिंपडत, काही न काढता, आठवडा-दहा दिवसांत पातळी दुप्पट करा. वाहकता आपोआप 250 वर येईल. पुढे एक दिवसाआड 10 टक्के पाणी काढून तेवढंच आरओ घाला. नवव्या बदलापर्यंत ती 100 च्या खाली उतरते. आरओच्या पाण्यात आम्लता सावरण्याची ताकद नसते, म्हणून दर बदलानंतर पीएच मोजा. तो घसरू लागला तर वेग कमी करा. तापमान 25 ते 27 अंश, खाणं भरपूर आणि जिवंत. या काळात इलेक्ट्रोडवर संकेताची उंची वाढलेली दिसेल. ती माशाची उमेद नव्हे, कमी वाहक पाण्याचा परिणाम आहे. वाहकता सारखी नसेल तर उंचीच्या नोंदी एकमेकींशी ताडू नका. वारंवारता आणि चर्प ताडा.

पहिल्या प्रयत्नासाठी मी ब्लॅक घोस्ट सुचवणार नाही. त्याला पक्व व्हायला वेळ आणि मोठी टाकी लागते. आयगनमानियाचा एक मोठा नर आणि तीन-चार माद्या घ्या, पृष्ठभागावर दाट तरंगती वनस्पती ठेवा आणि संध्याकाळपासून नोंद चालू करा. सुरात तुटकपणा वाढत जाऊन मध्यरात्रीनंतर तो सलग चालू राहिला तर दिवे न लावता सकाळपर्यंत थांबा आणि मग मुळ्यांमध्ये अंडी शोधा. सापडली तर मुळ्यांसकट दुसऱ्या भांड्यात, त्याच टाकीतल्या पाण्यात हलवा. मोठे मासे ती खातात.